परिचर्या व्यवसाय : इतिहास आणि बदल (नागपूरच्या संदर्भात)

आजारी, जखमी, बाळंतीण, नवजात, वृद्ध आणि मनोरुग्ण यांची शास्त्रशुद्ध शिक्षण घेऊन व कायद्याने नोंदणी करून केलेली देखभाल म्हणजे परिचर्या किंवा नर्सिंग व्यवसाय. रुग्णाचे निरीक्षण, औषधे देणे, जंतुसंसर्ग रोखणे, स्वच्छता, आहार, नातेवाइकांना समजावून सांगणे आणि या सगळ्याची वेळच्या वेळी नोंद ठेवणे ही त्याची मुख्य अंगे. डॉक्टर रुग्णाला दिवसातून एक-दोनदा पाहतात. परिचारिका आठही प्रहर त्याच्याजवळ असते. त्यामुळे प्रकृती बिघडू लागल्याचे पहिले लक्षण बहुधा तिलाच दिसते. ते ओळखून वेळेत कळवणे हा या व्यवसायाचा गाभा आहे. गेल्या दीडशे वर्षांत साधने, शिक्षण आणि कायदे बदलले, पण हा गाभा तोच राहिला.

नागपुरात हा बदल एकाच शहरात पाहता येतो. मध्य प्रांताची राजधानी म्हणून येथे एकोणिसाव्या शतकातच सरकारी व मिशनची रुग्णालये आली. आज ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन सरकारी रुग्णालयांत विदर्भाबरोबरच छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, छत्तीसगड आणि तेलंगणाच्या सीमाभागांतूनही रुग्ण येतात. येथील परिचारिकेला मराठी व हिंदी तर लागतेच, शिवाय गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या रुग्णाला कुठे दुखते हे समजून घेण्याची हातोटीही लागते.

सुरुवातीचा काळ

आधुनिक परिचर्येची पायाभरणी फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी केली. क्रिमियन युद्धात १८५४ साली त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. तेथे सैनिक जखमांपेक्षा आमांश, पटकी व टायफस यांनी अधिक मरत होते. गटारे, हवा, पाणी, अंथरूण आणि आहार सुधारल्यावर मृत्यू घटले, आणि हे त्यांनी पुढे आकडेवारीने मांडले. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. त्या भारतात कधीच आल्या नाहीत, पण येथील लष्करी छावण्यांच्या आरोग्यस्थितीवर त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला.

भारतात परिचर्येचे पद्धतशीर शिक्षण मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १८७१ साली सुरू झाले. लेडी डफरिन निधी १८८५ साली स्थापन झाला. पुरुष डॉक्टरकडे न जाणाऱ्या स्त्रियांसाठी त्यातून अनेक शहरांत जनाना रुग्णालये निघाली. ब्रिटिश सैन्यासाठी प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी १८८८ साली भारतात आली. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना १९०८ मध्ये उभी राहिली.

नागपूरचे शहर रुग्णालय १८६२ सालचे. पुढे त्याला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचे नाव मिळाले. १८६४ साली मनोरुग्णालय सुरू झाले. १८९०च्या दशकात स्कॉटिश मिशनने सीताबर्डीत स्त्रियांसाठी म्यूर मेमोरियल रुग्णालय काढले. परिचारिका मिळवणे हीच या काळातील सर्वांत मोठी अडचण होती. परक्याच्या मलमूत्राला, रक्ताला हात लावणे आणि रात्री घराबाहेर राहणे या दोन्ही गोष्टी प्रतिष्ठित घरांना नको होत्या. त्यामुळे पहिल्या पिढीत ख्रिस्ती मुली, अँग्लो-इंडियन स्त्रिया आणि ज्यांना दुसरा आधार नव्हता अशा विधवा अधिक दिसतात. समाजाने ज्यांना बाजूला सारले होते, त्यांनीच समाजाची शुश्रूषा केली, ही गोष्ट नोंदवून ठेवलीच पाहिजे.

कमलाताई होस्पेट आणि मातृ सेवा संघ

नागपूरच्या परिचर्येच्या इतिहासात कमलाताई होस्पेट (१८९६–१९८१) यांचे स्थान वेगळे आहे. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले आणि वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ साली मातृ सेवा संघाची स्थापना केली. लहानशा प्रसूतिगृहापासून सुरू झालेल्या संघाच्या शाखा पुढे विदर्भात व बाहेरही पसरल्या. समाजकार्याचे महाविद्यालयही निघाले. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली.

या कामाचे महत्त्व त्या काळच्या बाळंतपणावरून कळते. घराच्या अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत सुईण बाळंतपण करी. नाळ विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने कापली जाई, वर राख किंवा शेण लावले जाई. त्यातून नवजाताला धनुर्वात होई. जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात बाळ दूध ओढेनासे होई, अंग ताठ होई आणि ते दगावे. आईला सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने येणारा ताप, होई. हे टाळायला महागडे औषध लागत नव्हते. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेच्या टोकाला काहीही न लावणे एवढे पुरत होते. प्रशिक्षित परिचारिकेने पाळलेल्या या पाच गोष्टींनी वाचवलेले जीव मोजता येणार नाहीत. आज प्रसूतीनंतर पहिल्या मिनिटात आईला १० युनिट ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव रोखणारे औषध) स्नायूत टोचणे, वार पूर्ण पडली की नाही तपासणे आणि रक्तस्राव ५०० मि.लि.च्या पुढे जात नाही ना यावर लक्ष ठेवणे ही त्याच कामाची पुढची पायरी आहे. चूक होते ती रक्त नजरेने मोजण्यात. चादरीत, पॅडमध्ये मुरलेले रक्त नेहमी कमी वाटते. म्हणून पॅडचे वजन करावे. १ ग्रॅम वाढीव वजन म्हणजे साधारण १ मि.लि. रक्त.

कायदा आणि शिक्षण

नोंदणीचा पहिला प्रांतिक कायदा मद्रासमध्ये १९२६ साली झाला, मुंबईत १९३५ साली. नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, त्यामुळे येथे मध्य प्रांताचा १९३६चा परिचारिका नोंदणी कायदा लागू झाला. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यावरही काही वर्षे दोन विभागांत दोन कायदे होते. १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने राज्यभर एकच व्यवस्था आणली. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७चा. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या सरकारी भोर समितीने १९४६च्या अहवालात परिचारिकांची तीव्र टंचाई दाखवून विद्यापीठीय शिक्षणाची शिफारस केली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले.

नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच ‘मेडिकल’, १९४७ साली सुरू झाले आणि १९५०च्या दशकात ते हनुमाननगरच्या विस्तीर्ण आवारात स्थिरावले. मेयोला १९६८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. मोठे शिकवणारे रुग्णालय आले की परिचर्येचे शिक्षणही वाढते, कारण हे शिक्षण खाटेजवळच होते. आज शहरात व आसपास सरकारी आणि खासगी अनेक परिचर्या शाळा-महाविद्यालये आहेत. पदवी परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) घेते. नागपूर विमानतळाजवळच्या मिहान परिसरातील एम्स (अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था) २०१८ पासून सुरू आहे.

अभ्यासक्रमाचे स्तर ठरलेले आहेत. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) २ वर्षांचा. त्यातून गावपातळीवरची आरोग्यसेविका घडते. जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) ३ वर्षांचा, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. काही वर्षे तो साडेतीन वर्षांचा होता. बी.एस्सी. ४ वर्षांचा, जीएनएम झालेल्यांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. २ वर्षांचा आणि त्यापुढे एम.एस्सी. २ वर्षांचा. अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनर हा निवासी अभ्यासक्रम २०१६च्या सुमारास आला. राज्य सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढती पदे आहेत. वॉर्डात मात्र सर्वांना ‘सिस्टर’ व पुरुषांना ‘ब्रदर’ म्हणतात. पुरुषांची संख्या वाढते आहे. एम्समध्ये २०१९ पासून या पदांसाठी स्त्रिया ८० टक्के आणि पुरुष २० टक्के असे प्रमाण ठरवले गेले.

वॉर्डातले काम कसे बदलले

१९८०च्या दशकापर्यंत परिचारिकेचा मोठा वेळ साहित्य तयार करण्यात जाई. काचेच्या सिरिंज व सुया धुऊन २० मिनिटे उकळायच्या, बोथट सुया दगडावर घासायच्या, गॉज कापून पॅड घडी करायचे, ते पत्र्याच्या ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) पाठवायचे. उकळण्याने जिवाणूंचे बीजाणू मरतीलच असे नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या साहित्यासाठी दाबाखालची वाफच लागते : १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, उघड्या साहित्याला १५ ते २० मिनिटे, गुंडाळलेल्या पॅकला ३० मिनिटे. ड्रम ठासून भरला की वाफ मध्यापर्यंत पोहोचत नाही. ड्रमची वाफ आत जाण्याची भोके उघडी न ठेवता तो यंत्रात टाकला तर बाहेरून तापतो, आत जंतू तसेच राहतात. आणि बाहेर काढल्यावर भोके बंद करायची राहिली तर सगळे कष्ट वाया. आज हे काम मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग करतो आणि सिरिंज एकदाच वापरायच्या असतात, पण पॅकवरची रंग बदलणारी पट्टी पाहिल्याशिवाय तो न उघडण्याची सवय अजूनही लागतेच. मात्र ती पट्टी फक्त पॅक यंत्रातून गेला एवढेच सांगते. आत वाफ पोहोचली का, ते आतील निर्देशक सांगतो.

वाचलेला वेळ नव्या कामांनी भरला. जैववैद्यकीय कचरा २०१६च्या नियमांप्रमाणे जागेवरच चार रंगांत वेगळा करावा लागतो : रक्ताने भिजलेले ड्रेसिंग व शारीरिक अवयव पिवळ्यात, सलाइनचे संच व नळ्यांसारखे प्लास्टिक लालमध्ये, सुया व पाती पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुई टोचण्याचे अपघात सर्वाधिक होतात ते वापरलेल्या सुईला टोपण परत लावताना. ते लावूच नये.

औषधे देताना होणाऱ्या चुका ठरावीक जागी होतात. त्यांतल्या दोन विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली इन्सुलिनची. भारतात ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मि.लि. अशा दोन्ही शक्तींचे इन्सुलिन वापरात आहे. ४० च्या कुपीतले औषध १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले तर आकारमान ०.२ मि.लि. होते, म्हणजे रुग्णाला २० ऐवजी ८ युनिटच मिळतात. उलट झाले, १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज, तर २० ऐवजी ५० युनिट जातात आणि साखर जीवघेणी उतरते. ४० च्या सिरिंजला लाल, १०० च्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. कुपी आणि टोपण दोन्ही पाहूनच भरावे. दुसरी चूक पोटॅशियम क्लोराइडची. हे संहत औषध कधीही थेट शिरेत ढकलू नये, हृदय थांबते. ते सलाइनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, हळू द्यायचे. अॅम्प्युल इतर औषधांपासून वेगळ्या डब्यात ठेवणे हा यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय.

सलाइनचा वेग ठरवण्याचा हिशेब आजही तोंडपाठ लागतो, कारण पंप सगळीकडे नसतात. एकूण मि.लि. गुणिले संचाचे प्रति मि.लि. थेंब, भागिले मिनिटे. ५०० मि.लि. ४ तासांत, संच २० थेंबांचा, तर मिनिटाला ४२ थेंब. लहान मुलांच्या ६० थेंबी संचात तासाला जितके मि.लि. तितकेच मिनिटाला थेंब. एकदा लावलेला वेग रुग्णाने हात वाकवला, कूस बदलली की बदलतो. म्हणून बाटलीवर वेळेची पट्टी चिकटवून तासातासाला पाहावे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर २ तासांनी बदलणे हे काम दिसायला साधे आहे, आणि टाळले जाते तेही यामुळेच. माकडहाड, टाचा, घोटे, खुबे येथे आधी लाली येते. बोटाने दाबूनही ती जात नसेल तर इजा सुरू झाली आहे. त्या जागेवर मालिश करू नये, आतली पेशीजाळी आणखी फाटते. नातेवाईक हे प्रेमाने करतात, त्यांना समजावून थांबवावे लागते.

उष्माघात : नागपूरचे खास काम

मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, आणि नवतप्याच्या (मेअखेरीस येणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या) दिवसांत सरकारी रुग्णालयांत उष्माघाताच्या रुग्णांसाठी शीतकक्ष सज्ज ठेवावा लागतो. येथील परिचारिकेचे कौशल्य या कक्षात कसाला लागते. बांधकामावरचा मजूर, रिक्षाचालक, पंख्याशिवाय राहणारी म्हातारी माणसे बरळत किंवा बेशुद्धावस्थेत येतात. काखेतला थर्मामीटर शरीराच्या आतले तापमान कमी दाखवतो, म्हणून गुदमार्गाने मोजावे. ४० अंशांपेक्षा जास्त ताप आणि भान हरपणे ही जोडी म्हणजे उष्माघात, मग घाम येत असो वा नसो. केवळ अंग कोरडे नाही म्हणून निदान पुढे ढकलणे ही नेहमीची चूक आहे.

पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड करणे हाच उपचार. कपडे काढावेत, अंगावर पाणी शिंपडत राहून पंखा जोरात लावावा; मान, काख व जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. तरुण, धडधाकट मजुराला बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवता आले तर सर्वांत लवकर गुण येतो. दर ५ ते १० मिनिटांनी तापमान पाहावे आणि ३९ अंशांच्या आसपास आले की थंड करणे थांबवावे, कारण त्यानंतरही ते काही वेळ उतरत राहते. हुडहुडी भरली तर शरीर स्वतःच उष्णता तयार करू लागते. ती थांबवण्यासाठी डॉक्टरांना लगेच कळवावे. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही. संसर्गाच्या तापात मेंदूने तापमानाची पातळी वर सरकवलेली असते, ती ते औषध खाली आणते. उष्माघातात ती पातळी बदललेलीच नसते, आणि आधीच इजा झालेल्या यकृतावर मात्र ओझे पडते. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी किंवा कांद्याचा रस घालू नये, ते फुप्फुसात जाते. लघवी तासातासाला मोजावी : वजनाच्या दर किलोमागे ०.५ मि.लि.पेक्षा कमी किंवा काळ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायू विरघळून मूत्रपिंडे धोक्यात आल्याची ती खूण आहे.

कूलरबद्दलही सांगायला हवे. मेच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर उत्तम काम करतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर कक्षात बाष्प भरतो, अंगावरचे पाणी सुकत नाही आणि रुग्ण थंड होणे मंदावते. तेव्हा कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा आणि खिडक्या उघडाव्यात.

इतर शाखा

विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक विकाराचे, रुग्ण पुष्कळ आहेत. वेदनेच्या झटक्यात आलेला तरुण विव्हळताना वरून कुठलीच जखम दिसत नाही, म्हणून तो ‘नाटक करतो’ असे समजले जाण्याचा धोका असतो. त्याचे दुखणे तो सांगेल तेवढे खरे मानून वेदनाशामक लवकर द्यावे, अंग उबदार ठेवावे, द्रवपदार्थ द्यावेत. छातीत दुखू लागले किंवा ऑक्सिजन उतरला तर ती तातडी समजावी. मनोरुग्ण परिचर्येत २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मोठा फरक केला. रुग्णाला साखळीने बांधणे व एकांतात कोंडणे यांवर बंदी आली, आणि भूल न देता विजेचे झटके देता येत नाहीत. बांधून ठेवणे हा शेवटचा उपाय असून त्याला मनोविकारतज्ज्ञाची परवानगी व नोंद लागते.

कोरोनाच्या साथीत परिचारिकांनी उन्हाळ्याच्या ऐन भरात पीपीई किट घालून सलग तासन् तास काम केले. ऑक्सिजनची काटकसर तेव्हा त्यांच्याच हातात होती : नाकातल्या नळीला मिनिटाला १ ते ५ लिटर, साध्या मास्कला ५ ते १०, पिशवीच्या मास्कला १० ते १५. पालथे झोपवल्याने अनेकांचा ऑक्सिजन वाढला, आणि ते करवून घेण्याचे काम परिचारिकांनीच केले.

संख्या आणि अधिकार

शिकवणाऱ्या रुग्णालयात दर ३ खाटांमागे १, इतर रुग्णालयांत ५ खाटांमागे १ परिचारिका आणि रजेसाठी ३० टक्के जादा, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. ६० खाटांच्या वॉर्डला यानुसार २० अधिक ६, म्हणजे २६ जणी हव्यात. हा आकडा तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्या आणि रात्रपाळीनंतरची विश्रांती धरून आहे. प्रत्यक्ष एका पाळीला पाच-सहाच येतात. मंजूर पदे भरली नाहीत की रात्री एक-दोघींवर पूर्ण वॉर्ड येतो. मग पहिला बळी जातो तो कूस बदलण्याचा, नोंदींचा आणि पाळी बदलताना खाटेजवळ उभे राहून करायच्या हँडओव्हरचा, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णाची माहिती सोपवण्याचा. रक्तदाब घेतलाच नसताना मागच्या पाळीचा आकडा पुढे लिहिणे हे कागदावर दिसत नाही. त्याचा परिणाम मात्र पहाटे दिसतो.

अधिकारांचा प्रश्नही अजून सुटायचा आहे. परिचारिकेला बिघाड आधी कळतो, पण उपचार बदलायला ती स्वतः मोकळी नसते. श्वासाचा वेग, नाडी, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजन आणि भान यांना गुण देऊन ठरावीक बेरजेला डॉक्टरांना बोलावणे बंधनकारक करणारी तक्तापद्धत यावर उपयोगी आहे. यांत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो श्वासाचा वेग. तो पूर्ण एक मिनिट मोजावा, अंदाजाने १८ किंवा २० लिहू नये. २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. १९४७च्या परिषदेच्या जागी आयोग, राज्य पातळीवर आयोग आणि परिचारिका-प्रसविकांची राष्ट्रीय नोंदवही अशी रचना त्यात आहे.